पर्वती पंपहाऊस, रात्रपाळी

ड्रॉवरमध्ये पुस्तक सापडलं.
पायगुडे निवृत्त होताना विसरले की ठेवून गेले, कळत नाही.
कव्हर नाही. पहिल्या पानावर ग्रीसचा अंगठा.
समुद्राखालची गोष्ट, दीडशे वर्षं जुनी.

मी कोकणात दोनदा गेलोय,
दोन्ही वेळा गुडघ्यापर्यंत.

दोन नंबरचा पंप घरघरतो, फरशीतून थरथर
खुर्चीत चढते,
आणि कप्तान म्हणतो, चला, खाली.

मासे फार आहेत. पानंच्या पानं मासे,
आहेराच्या यादीसारखे.
सुरुवातीला एकेक मोबाइलवर शोधायचो.
तिसऱ्या रात्री लक्षात आलं,
यादीतले बरेच आता फक्त यादीतच.
मग शोधणं सोडलं, नावं मोठ्यानं वाचू लागलो,
कुणी ‘हजर’ म्हणतंय का बघत.

कप्तान वाद्य वाजवतो, चिरूट ओढतो.
बेअरिंगला वंगण कोण घालतं?
लेखकाला हा प्रश्न पडलेला दिसत नाही.

समुद्र कधी संपायचा नाही, असं कप्तान म्हणतो.
मी लॉगबुकात लिहितो :
गुरुवारी पाणी बंद. शुक्रवारी उशिरा, कमी दाबाने.
धनकवडीहून फोन येतो. कमी म्हणजे किती, साहेब?

समासात पायगुड्यांची पेन्सिल :
‘एवढ्या दाबाला गॅस्केट टिकणार नाही.’
‘हवा किती तास पुरेल? हिशेब नाही.’
‘थापा.’
‘थापा, पण छान.’

मग ते बुडालेलं शहर येतं.
खांब, पायऱ्या, छप्पर गेलेलं देऊळ,
आणि माणसं शिसाचे बूट घालून त्यातून चालतायत.
तिथं बारीक अक्षरात :
‘नारायण पेठ, ६१. आम्ही कौलांवर.
आक्का खाली पितळी डबा आणायला गेली.’

पुढं काही नाही. पुढची चाळीस पानं
पेन्सिलच नाही.

अकरा वर्षं एका टेबलावर डबे खाल्ले आम्ही.
लोणच्याबद्दल बोललो. बढत्यांबद्दल. त्यांच्या जावयाबद्दल.

शेवटची पानं फाटलीयत. कप्तान वाचला का,
फोनवर अंगठ्याच्या दोन हालचालींत कळेल.
पावणेपाच वाजले. धनकवडीचा व्हॉल्व्ह.

पायगुडे तो कधी एकदम उघडायचे नाहीत.
अर्धा फेरा. थांबायचे, पाइपला कान लावायचे.
पुन्हा अर्धा.
मला वाटायचं,
म्हाताऱ्याचा खांदा दुखतो.