मुंग्या

ऑर्व्हिल टेडन म्हणतो, बर्फ.
पडद्यावरच्या खरखरीला मोंटानातल्या या खोऱ्यात बर्फच म्हणतात.
माझ्या भाषेत त्या मुंग्या.
तीन दिवस आम्ही एकाच बिघाडाबद्दल
दोन वेगळ्या ऋतूंतून बोलत होतो.

टेकडीवर पत्र्याची खोली. आत एक म्हातारा ट्रान्समीटर,
त्याच्या उबेला उंदराने केलेलं घर,
आणि खिळ्याला सुतळीने टांगलेली वही:
कोणत्या साली वीज पडली, कुठली केबल सायाळीने खाल्ली,
वर्गणी कोणी थकवली.
बार्ब ऑस्टगार्ड, तीस डॉलर. त्यापुढे वेगळ्या शाईत,
दिले. जॅमच्या रूपात.

एवढंच त्यांचं टीव्ही केंद्र.
लांबच्या शहरातून येणारं चित्र माथ्यावर झेलायचं
आणि पलीकडे, एकशे बारा घरांवर, ओतायचं.

मी आलो होतो अनुदानाचा अर्ज घेऊन.
रकाना सात, संस्थेतील तांत्रिक कर्मचारी.
ऑर्व्हिलने विचार केला.
मी. डार्लीन. आणि शिडी धरायला त्या दिवशी जो मोकळा असेल तो.
मी लिहिलं, तीन.

मग त्याला समजावलं,
ॲनालॉग चालत चालत थकतं, धापा टाकतं,
पण उंबऱ्यापर्यंत येतं.
डिजिटलला थकवा माहीत नाही.
आहे तोवर लख्ख, आणि मग एकदम कडा.
त्याने नकाशा उलगडला. कडा कुठे?
मी बोट ठेवलं.
बोटाखाली इनेझ क्वालहाइमचं घर होतं.

इनेझ घळीत राहते, एकटी, एक्क्याण्णव वर्षांची.
तिच्याकडे हवामान सांगणारा माणूस
नेहमी दोन दिसायचा: एक तो, आणि उजवीकडे जरा सरकून
त्याचंच फिकट भूत.
ती म्हणायची, भुताचा अंदाज जास्त खरा निघतो.

बदलायच्या दिवशी वारा असा की बोलणं तोंडातच राहावं.
ऑर्व्हिलने बटणावर हात ठेवला, काढला,
हातमोजा घालून पुन्हा ठेवला.
तूच कर, म्हणाला.
मी केलं.
पंखा घरघरत मंदावला, थांबला,
आणि त्या खोलीत चौतीस वर्षांत पहिल्यांदा
उंदराची खुडबुड ऐकू आली.

नवा डबा पावाच्या लादीएवढा. एक हिरवा दिवा.
हा काही बोलतच नाही, ऑर्व्हिल म्हणाला,
आजारी पडला तर मला कळणार कसं?
याचं उत्तर माझ्या पुस्तिकेत नव्हतं.

फोन येत राहिले. छान. स्वच्छ.
बार्बला निवेदिकेच्या दातातली फट दिसली.
मग इनेझचा. निळं, ती म्हणाली. नुसतं निळं.

धान्याच्या कोठीवर चढलो, पाइप, अँटेना, तार.
डार्लीन खालून मीटर वाचत होती,
अकरा. अकरा. नऊ, अरे कुठे वळवतोस. तेरा.
ऑर्व्हिल शिडीला छाती लावून उभा.
बोटं माझी की दुसऱ्याची कळेना झालं तेव्हा
ती ओरडली, सतरा, हलू नकोस,
आणि मी हललो नाही, कोणीतरी नटबोल्ट आवळेपर्यंत
खांबासारखाच उभा राहिलो.

आत आलो. चित्र होतं.
काठाकाठाने कोरलेलं, टायवरचे ठिपके मोजावेत इतकं.
इनेझ खुर्चीत पुढे झुकली. बराच वेळ पाहत राहिली.
मग तिने उजवीकडच्या रिकाम्या जागेकडे बोट केलं.
आणि तो दुसरा?

डार्लीन कॉफीकडे वळली. मला शब्द सापडेनात.
सिग्नल डोंगरावर आपटून उशिरा पोचतो, त्याची ती सावली,
हे मला येत होतं. सांगितलं नाही.

अर्जावर मी खूण केली, स्थलांतर पूर्ण.
परतताना ऑर्व्हिल वहीसाठी पुन्हा टेकडीवर चढला.
हातमोज्यातल्या हाताने, वाकड्या अक्षरांत त्याने लिहिलं,
इनेझकडे चित्र पोचलं. भूत गेलं.
या वर्षीची वर्गणी माफ.