ळ आहे का?

पाचाचं बटण आत गेलं ते वर आलंच नाही.
अकरा वर्षं टिकला.
वडगावच्या मागांच्या खडखडाटात,
अनगोळच्या गिरणीतल्या पिठात,
पिग्मीच्या पिशवीत, चिल्लर आणि पावतीपुस्तकाच्या मधल्या फटीत.
आता पाच लागत नाही म्हणजे
कुणाचे पन्नास लिहिता येत नाहीत,
आणि माझे निम्मे लोक पन्नासवालेच.

खडेबाजारात विरेशच्या दुकानी
काचेखाली फोन ओळीनं झोपलेत.
"ह्यो तगोळ्री अक्का, कॅमेरा नोड्री कॅमेरा!"
कॅमेरा राहू दे म्हटलं. कॅलेंडर उघड.
रोजची आठवण लावली तर रविवार वगळता येतो का?
एका दिवसात चाळीस नोंदी मावतात का?
बॅटरीचे तास नको सांगू, दिवस सांग.
शनिवारी बाजार, त्या दिवशी मी उलट्या बाजूनं फिरते,
तो क्रम वेगळा ठेवता येईल?
आणि बाचीच्या पुढं महाराष्ट्राचा टॉवर पकडला
तर घड्याळ गोंधळणार नाही ना?
विरेश हसला.
"घड्याळ दोन्हीकडं एकच की हो."

आणि ळ आहे का?

"काय?"

ळ.
जुन्यात नव्हता.
बनवणाऱ्याला वाटलं असेल, हिंदीचं भागतंय तर ह्यांचंही भागेल.
अकरा वर्षं मी अनगोल लिहिलं, येल्लूर लिहिलं,
सासूची गोली रात्री नऊ,
नलाचं बिल, शालेची फी, केली एक डझन.
सोसायटीच्या ओळखपत्रावर मी मंजुळा हलगेकर,
फोन सुरू केला की पडद्यावर मंजुला,
जशी कुणी दुसरीच बाई माझी पिशवी घेऊन निघालीय.
एकदा नणंदेचा नवरा स्कूटरवरून पडला आणि वाचला,
मी भावाला लिहिलं :
काल आला होता पण वेल आली नव्हती.
त्याचं उत्तर, कोण आला होता? कसली वेल?

विरेशनं एक उघडला, दुसरा उघडला.
दोन्हीत ल नंतर सरळ व.
तिसरा मागच्या खोक्यातला, धुळीचा, जाड्या बटणांचा.
आठावर चारदा दाबल्यावर
आला.
दोन पोटांचा, पाटावर मांडी घालून बसल्यासारखा.
"अय्यो, ह्यो आमच्यातबी हाय!"
म्हणून विरेशनं पावतीच्या पाठीवर
कन्नडातला काढून दाखवला.
"तुमचा बसलाय, आमचा जरा वळलाय."
मग दोघांचीही नजर बाहेरच्या बोर्डाकडं गेली
आणि दोघंही बॅटरीबद्दल बोलायला लागलो.

अठराशे म्हणाला, सोळाशेला दिला.
"नंबर येतील अक्का. नोंदी काय येत नाहीत,
त्या तुमच्या तुम्हीच मारायच्या."

रात्री भांडी झाल्यावर दोन फोन शेजारी ठेवून बसले.
एकातून वाचायचं, दुसऱ्यात घालायचं.
ज्याचं त्याला परत देत गेले.
कांबळ्यांना दिला, दळवींच्या सुनेला दिला,
बाळाबाईला दोनदा द्यायला निघाले होते, एकच लागतो.
मालनला देऊन बसले, परत काढून घेतला,
ती बिचारी पहिल्यापासून मालनच.
पोरगी झोपेत विचारते, आई काय टकटक करतेस?
झोप तू. गाव दुरुस्त करतेय.

मग चार नंबरच्या मागावरचा गुंडू कोष्टी.
दिवाळीनंतरची नोंद :
काल आला नाही.
अंगठा आठावर गेला. एकदा, दोनदा, तीनदा.
गुंडू ब्याऐंशीचा आहे, अजून धोटा फेकतो,
पैसे मोजताना थुंकी लावून माझ्याकडं बघतो.
चौथ्यांदा दाबलं नाही.
तेवढं जुन्यासारखंच उतरवलं,
पुढं त्याचा आकडा लिहिला, पन्नास.
पाच लगेच लागला.