आठवं नाव

हेळवी यंदा मोटारसायकलवरून आला.
कणकुंबीत, आमच्या ओसरीवर पोथी सोडून
कानडीत वाचू लागला आमच्या पिढ्या:
सोयरू, त्याचा बाप फोंडू, त्याचा बाप...
मी मराठीत उतरवत होतो.

आठव्या नावापाशी अडला.
'हा घाट चढून आला. रातचा.
पेंढ्यात गुंडाळलेला देव,
बायकोच्या ओटीत जिरेसाळीचं बी.'

गाव कुठलं?
तिथं वाळवीचं भोक.
बोलायचा काय, कोकणी?
'पळताना कोण बोलतं, मालक?'

तांदूळ मोजून घेताना म्हणाला,
पोरी लिहीत नाही आम्ही.
हिनं न बोलता आणखी एक पायली ओतली.

भोक शेवटच्या पानापर्यंत आलेलं.
त्याला वळसा घालून
त्यानं लिहिलं, कानडीत,
तन्वी.