आत कुणीतरी आहे

साडेतीनला फोन. परत अंबड.
"तुमची फाइल झोपली," सानप साहेब म्हणतात.
माझी फाइल!
जणू मीच पाळणा म्हणून निजवली.

सहा मशिनी, एकच फाइल,
स्टोअर्समधल्या एका जुन्या खोक्यात.
चलनं, गेटपास, बेअरिंगचा साठा,
अकरा वर्षांत कुणी काही खोडलेलं नाही.
दीड गीगाबाइट.
मी नाशिककराला कळेल असं सांगून पाहिलं,
साहेब, दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलंय,
दोनला डोकं बुडतं.
"बुडालं नाही ना अजून?" म्हणाले,
आणि चहा मागवला.

सोमवारी केबल सापडली, उंदरानं कुरतडलेली.
इतका आनंद झाला की सगळ्यांना चिवडा आणला.
मंगळवारी साडेतीनला फोन.
बुधवारी स्विच बदलला,
अँटिव्हायरसला बजावलं, ही घरातली आहे, हिला हुंगू नकोस,
दराडेला विचारलं, चहाची किटली कुठल्या बोर्डावर लावतोस,
त्यानं अजून बोलणं टाकलंय.
गुरुवारी उघडली तर
ग्राहकांच्या नावांच्या जागी चिनी अक्षरं,
सिन्नरचे कटारे, ओझरचे गीते, सगळे एका रात्रीत चीनला गेलेले.
खाली सत्त्याहत्तर ओळी, प्रत्येक रकान्यात एकच शब्द:
काढले. काढले. काढले.

दुरुस्तीला घ्यायची तर आधी सगळ्यांनी बाहेर यायचं.
आले. मशिनी बंद, पंखे बंद.
तरी फाइलशेजारी ती चिमुकली कुलपाची फाइल,
एवढीशी, हटत नाही,
आत कुणीतरी आहे म्हणते.

शुक्रवारी दुपारपासून काहीच केलं नाही,
कोपऱ्यात स्टूल घेऊन बसलो.
तीन पंचवीसला बोरस्ते बाई उठल्या,
अर्धी नोंद तशीच उघडी,
लॅपटॉप बाळासारखा कडेवर,
आणि लोखंडी कपाटांच्या मागून खिडकीकडे गेल्या.
कपाटांमागे वायफाय मरतं.
माझ्या पडद्यावर त्यांची ओळ थरथरली, गेली.
मी पाहिली जाताना.

ओरडणारच होतो.
खिडकीतून समोरच्या कारखान्याचं गेट दिसतं,
मागे पांडवलेणीचा डोंगर, उन्हानं पांढरा.
दुसऱ्या पाळीची पोरं आत चालली होती.
एकानं वर बघून हात केला,
डावा. त्यावर तीन बोटं.
"गेला आत," बाई म्हणाल्या, मला नव्हे.
मग मला बघून दचकल्या:
"गणपतीच्या आधी प्रेसमध्ये गेली हो दोन.
म्हणतो, आता लक्ष असतं माझं.
असेलही."

आता काय सांगायचं त्यांना,
अर्धवट लिहिलेलं कडेवर घेऊन चालू नये?

शनिवारी सहा जण जुनी चलनं काढून बसले,
कार्बनचे निळे डाग बोटांना.
दराडेसुद्धा आकडे वाचून दाखवत होता, माझ्याकडे न बघता.
शहात्तर ओळी परत आल्या.
एकीचं चलन कुठंच नव्हतं.
चाळीस बेअरिंग कुणाला तरी मिळाली,
किंवा नाही मिळाली.
फाइल दोन भागांत तोडली,
साठा तिकडे, पडदे ज्याचे त्याच्याकडे,
आणि रोज रात्री एक प्रत, न विसरता.
न विसरता हे मी लिहून दिलं. बघू.

बिलावर लिहिलं: कारण, वायफाय. उपाय, केबल.
नाव कुणाचंच नाही.
सानप साहेबांनी टेबलापासून मापलं:
"ही एवढी लांब का? पार खिडकीपर्यंत?"
मशिनला तिथं हवा बरी लागते, म्हटलं.
त्यांनी वरचे तीस फूट बिलातून कापले.

परवा साडेतीनला फोन वाजला नाही.
गाडी काढलेली होती मी.