दोन स्क्रू

मी कपाटं भिंतीला बांधतो.
मालात्याच्या नव्या वस्तीत वरच्या मजल्यापासून सुरुवात करतो,
गुडघे बोलायला लागायच्या आत
जिने उरकलेले बरे.

दार उघडणारी बाई आधी भिंतीकडे बघते,
मग माझ्या ड्रिलकडे.
"आत्ताच रंग दिलाय, जेव्देत उस्ता."
"घरमालक भोकं पाडू देत नाही."
"कपाळी असेल ते होईल की."
मी चहाला हो म्हणतो
आणि पेला रिकामा झाला की
त्यांच्या कपाटाला खांदा लावून नुसता उभा राहतो.
ते डुलतं. आतली काच किणकिणते.
बाई गप्प होते.

सबिहाचं कपाट अक्रोडाचं होतं.
मीच केलेलं, लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात.
प्लायवूडला मी हात लावत नसे तेव्हा.
कुसू असे बसवले की खिळा लागला नाही.
सहा माणसांनी उचलून आत आणलं,
शेजारी म्हणाले, सात पिढ्या हलायचं नाही हे.

इमारत पडली नाही.
हे प्रत्येक घरात सांगावं लागतं,
कारण लोक विचारतात ते इमारतीबद्दलच.
आमची उभी राहिली. पायऱ्या जागेवर,
फळीवरचे जर्दाळूसुद्धा बरणीतच.
बाहेर बर्फ, पहाट व्हायची होती,
मी पाणी प्यायला उठलो होतो.

स्वयंपाकघर ते खोली, नऊ पावलं.
दिवे गेलेले, पाय अनवाणी,
वाटभर आरशाच्या काचा.
नऊ पावलांना किती वेळ लागला
हे अजून कुणी विचारलेलं नाही.

कपाटावर ओरखडा नव्हता.
उचलायला आलेल्या पोरांतला एक म्हणाला,
काम बाकी पक्कं हो, उस्ता...
आणि त्यानं जीभ चावली.

पट्ट्या आणून ठेवल्या होत्या. एल आकाराच्या दोन.
प्लग, स्क्रू, सगळं एका डब्यात.
सबिहा दोनदा म्हणाली होती.
मी म्हटलं, रविवारी.
रविवार बरेच येऊन गेले.
एकाला पाऊस होता,
एकाला मेहुण्याच्या मुलाची सुंता,
एकाला काहीच नव्हतं.

वीस मिनिटं लागतात.
धूळ पडते ती मीच झाडतो.
काम झालं की थोडा बडबडतो, लोक ऐकून घेतात:
जोडे दाराशी नकोत, पलंगाखाली. हो, घरात. चालतं.
उजव्या जोड्यात बॅटरी.
गॅसचा कॉक पोरांना दाखवून ठेवा, त्यांची बोटं चपळ असतात.
जमायचं बेकरीपुढच्या तुतीखाली,
एकमेकांना शोधत परत आत शिरायचं नाही.
उशाशी फ्रेम नको,
मग ती वडिलांची का असेना.

काल एका घरात सेवाल नावाची पोर,
सात-आठ वर्षांची,
मी शेवटचा स्क्रू आवळल्याबरोबर
कपाटाच्या मुठीला लोंबकळली.
आई ओरडली. मी म्हटलं, राहू दे.
पाय अधांतरी, एका मोज्याला भोक,
ती हसत होती
आणि कपाट हललं नाही.
हत्यारं पिशवीत भरायला मी उगाच वेळ लावला.

ते अक्रोडाचं कपाट आता माझ्या खोलीत आहे.
गिऱ्हाइकं आली, विकलं नाही.
भिंतीला बांधलेलंही नाही.
आडवं पाडून ठेवलंय, दारं वर करून.
आडवी वस्तू पडत नाही.
तिचे स्वेटर आत आहेत,
थंडी वाढली की झाकण उघडावं तसं दार उघडतो,
बघतो, लावून टाकतो.

मग झोपायच्या आधी
पलंगाखाली हात घालून चाचपतो.
आहेत जोडे.