बुधवार, साडेसात

अजनीच्या यार्डात एकतीस वर्षं
मी चाकांवर हातोडी मारत चाललो.
रात्रीचे दोन, उभी मालगाडी, काखेत बॅटरी,
ठण्ण... ठण्ण... ठण्ण...
आणि मग एखादंच चाक बोलायचं: बद्द.
तडा डोळ्यांना दिसत नाही.
चाकाला स्वतःला तर कळतच नाही,
ते आपलं फिरत राहतं
इटारसीपर्यंत,
किंवा अलीकडेच कुठेतरी.

हे सगळं मला पोटापाण्यापुरतं ठाऊक होतं.
तरी एस्तेर गेल्यावर चार वर्षं
मी रविवारी शेवटच्या बाकावर बसलो,
शेवटच्या आमेनला चप्पल पायात,
पाळकांच्या हातात हात, की स्कूटर सुरू.
कोणी विचारलंच, "कसे आहात?"
तर "प्रभूची कृपा."
इतकं गुळगुळीत उत्तर
की हातोडी घसरूनच जावी.

बुधवारी मोहननगरात, तिरपुडेबाईंकडे घरप्रार्थना:
दर रविवारी जाहीर व्हायचं.
मी म्हणायचो, वेळ कुठे आहे बाप्पा!
सातला कुलरमध्ये पाणी,
साडेसातला बातम्या,
आठला सकाळचं वरण गरम करायचं,
नऊपासून छत बघायचं.

मे महिन्यात पंप जळाला. सेहेचाळीस डिग्री.
बाईंकडे मोठा कुलर आहे, हे आठवलं आणि गेलो.
खोटं कशाला बोलू,
मला पवित्र आत्म्यानं नाही,
वाळ्याच्या वासानं नेलं.
(तो कशाकशातून नेतो, ते मला विचारू नका.)

नऊ माणसं, सहा खुर्च्या.
आमोसदादांची पेटी, तिची एक पट्टी कायमची चिकटलेली.
योएल भोसलेची प्रार्थना
सदरला सुरू होते आणि कामठीला संपते.
मेयोतली नर्स फीबी रात्रपाळीच्या आधी येते,
तिसऱ्या कडव्याला मान टाकते,
तिला कोणी उठवत नाही.
दोन जावा आहेत, महिनोन् महिने अबोला,
पण गीतपुस्तक घरात एकच.
पान उलटायला
एकीला दुसरीसाठी थांबावं लागतं.

पाळक असते तर इथे
संत्र्याच्या फोडींची उपमा दिली असती.
मी देत नाही. फोडी गुमान बसतात.
ही माणसं भांडतात.

तिसरा बुधवार असेल, नाहीतर चौथा.
चिवड्याची बशी पुढे करत
बाई सहज म्हणाल्या,
"रतन, रात्री झोप लागते का रे?"

बद्द.

मी माझा आवाज ऐकला.
तोंडातला घास तोंडातच फिरत राहिला.
पेटी बंद झाली. कुलर तेवढा घरघरत होता.
फीबीनं डोळे न उघडता
माझं मनगट धरलं, नाडी बघतात तसं,
आणि सोडलंच नाही.

त्या रात्री छताकडे बघताना
मला तो शिष्य आठवला,
प्रभू आला तेव्हा खोलीत नसलेला.
गेला असेल कुठे? भाकरी आणायला?
की माझ्यासारखा, एकटं बरं म्हणून?
प्रभूला त्याला रस्त्यात गाठता आलं असतं,
अंथरुणापाशी, विहिरीवर, कुठेही.
नाही गाठलं.
आठ दिवस थांबला
आणि आला तो त्याच खोलीत,
कडी लावून बसलेल्या
त्याच घाबरटांच्या मधोमध.

काल योएल आला नाही.
प्रार्थना लवकर आटोपली, कोणालाच बरं वाटलं नाही.
मी स्कूटर काढली.
गड्डीगोदामात त्याचं रिचार्जचं दुकान,
शटर अर्धं खाली, आत दिवा नाही.
वाकून हाक मारली.
"काही नाही ना काका," अंधारातून आला आवाज,
"प्रभूची कृपा."

एकतीस वर्षं ऐकलेला आवाज तो.
मी गुडघ्यावर हात टेकून
शटरखालून आत शिरलो,
एक स्टूल चाचपलं,
आणि बसलो.