शिवणीत गेलेले शब्द

डिचोलीच्या वाचनालयातली पुस्तकं उसवली
की कायतानकडे जायची.
बाजारामागे, सायकल दुरुस्तीला लागून त्याची खोली:
मैद्याची खळ, तिच्यात मोरचूद, आरी,
मेण ओढलेला दोरा.
कायतान प्रार्थना वाचायचा ती रोमीत.
देवनागरी त्याला नुसती दिसायची.
‘वयर दोरी, सकयल कपडे,’ म्हणायचा, आणि हसायचा.
शिवायचा मात्र असं घट्ट
की पुस्तक मेलं तरी पान सुटू नये.

त्यामुळे माझा सगळ्यात लाडका लेखक
मी पंधराव्या वर्षी अर्धवट वाचला.
डाव्या पानावर ओळीचा शेवटचा शब्द शिवणीत,
उजव्या पानावर पहिला.
मधे काळी घळ.
बोटानं दाबून, पान खिडकीकडे धरून
कधी एखादा काना सापडे, कधी वेलांटीची शेपटी;
बाकी मी घालायचे.
आमच्या घरी बोलणं कोंकणी, रागावणं कोंकणी,
देवापुढची आरती तेवढी मराठी.
कमी पडलेले शब्द आणणार कुठून?
स्वयंपाकघरातून आणले.
एका थोर नायिकेला मी
ऐन विरहात सोलं वाळवायला बसवलं.
तिनं तक्रार केली नाही.

एक वाक्य पाठ होतं:
‘तो परतला तेव्हा अंगणात फक्त’
आणि घळ.
मी तिथं आधी तुळस ठेवली. फार शहाणी वाटली.
मग मांजर. मग पालथं सूप.
शेवटी, बारावीच्या सुट्टीत,
एक दोरी बांधली, कपड्यांची, रिकामी,
टोकाला एकच चिमटा.
(घळीत एवढं मावत नाही, हे तेव्हा सुचलं नाही.)
किती दिवस मनातल्या मनात
त्या माणसाला नमस्कार करत होते:
दुःख म्हणायचं नाही, चिमटा दाखवायचा!
हेच याच्याकडून शिकायचं, असं वहीत लिहून ठेवलं
आणि पुढं तेच करत राहिले, तीन कथासंग्रह.
कुणी विचारलं, हे कुठून आलं,
तर त्याचं नाव सांगायचे.

परवा पणजीत, जुन्या पुस्तकांच्या ढिगात,
तीच कादंबरी. कुणी न शिवलेली, मोकळी.
उभ्यानंच पान काढलं.
‘तो परतला तेव्हा अंगणात फक्त अंधार.’

अंधार.
हे तर कुणीही लिहिलं असतं.
विकणाऱ्या पोरानं विचारलं, घेतलें मगो?
मी चाळत गेले. नायिका सोलं वाळवत नव्हती,
उसासे टाकत होती.
पानोपानी तो मला आठवत होता त्याहून
भरजरी निघाला, जरीत गुदमरलेला.
एकशे बाराव्या पानावर मात्र,
मी पंचवीस वर्षं ‘आई रडली’ असं धरून चालले होते,
तिथं त्यानं लिहिलं होतं:
मुलाचं तार आल्यावर ‘आई निजली.’

एवढं मला आजही जमलेलं नाही.
चाळीस रुपये दिले.

घरी येईपर्यंत बसमध्ये तेच डोक्यात:
माझा हात त्यानं वळवला
की कायतानच्या आरीनं,
आता कोण उसवून बघणार.

मागच्या महिन्यात वाचनालयात गेले होते.
माझं पुस्तक वरून तिसऱ्या खणात.
कायतान जाऊन बरीच वर्षं झाली, हल्ली नुसता डिंक लावतात.
मधोमध दाबलं तर सपाट पडलं,
टोकापर्यंत शब्द न् शब्द दिसत होता,
मधे बोटभर कोरी जागा.
समोर एक मुलगी वाचत बसली होती, दुसरंच काहीतरी,
नाक पानात घालून.
मला उगाच उघडं पडल्यासारखं झालं.